झेंडीबाई

सकाळी सिग्नलचा हिरवा माणूस लागला, सगळे रस्ता ओलांडू लागले आणि मी तिथेच उभी राहिले. कारण काही नव्हतं. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, रस्ता रोजचाच. पलीकडे आमचं चपलांचं दुकान, शटर अर्धं वर, आत नवरा खोकी खालीवर करताना दिसतसुद्धा होता. पण पाय म्हणाले, नाही. चवडे फूटपाथच्या कडेवर, टाचा मागे, आणि समोर तो पांढऱ्या पट्ट्यांचा रस्ता उगाचच लांबलचक झालेला. तेवढ्यात माझ्या मागे, अगदी मानेजवळ, कुणीतरी लांब श्वास घेतला. नुसता श्वास. आत ओढला, क्षणभर थांबला, आणि त्याच्याबरोबर माझीही छाती भरली आणि पाय चालायला लागले. पलीकडे पोचल्यावर वळून बघितलं तर डोक्यावर गुंडाळलेली गादी घेतलेला एक माणूस. ओझं सावरायला त्याने श्वास घेतला होता. माझ्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तो गादीसकट गल्लीत वळला, आणि मी दुकानाच्या पायरीवर उभी राहिले, आणि इतक्या वर्षांत कधी आठवला नव्हता तो झेंडीबाईचा श्वास मला आठवला.

झेंडीबाई हे आमच्या घरातलं नाव. तिचं खरं नाव काय ते आम्ही कधी विचारलं नाही, आणि कळलं असतं तरी कुणी वापरलं नसतं. मी एकोणीस वर्षांची असताना आपल्याच देशात भरलेल्या जिम्नॅस्टिक्सच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेत फ्लोअरच्या अंतिम फेरीपर्यंत पोचले होते. फ्लोअर म्हणजे एक मोठा चौकोनी गालिचा, त्याच्या पोटात स्प्रिंगा, आणि कडेने पांढरी रेष. मुलीने संगीतावर जेमतेम दीड मिनिट नाचायचं, गिरक्या घ्यायच्या, आणि मधूनमधून एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत कोलांट्याउड्या घेत जायचं. रेषेबाहेर पाय पडला की कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेली बाई हातातली लाल झेंडी वर करते आणि गुण कापले जातात. माझी शेवटची उडी झाली, पाय टेकले, मी हसत हसत दोन्ही हात वर केले, आणि माझ्याबरोबर तिनेही हात वर केला. तिच्या हातात झेंडी होती. टाच बाहेर गेली म्हणे. पदक अगदी थोडक्यात गेलं. मी कोचला, मैत्रिणींना, घरी फोनवर आईला, सगळ्यांना शपथेवर सांगत होते की टाच गेली नव्हती. त्यानंतर माझा गुडघा गेला आणि मग सगळंच गेलं, पण ते वेगळं.

माझी आई म्हणजे मुंगी चिरडली तरी हळहळणारी बाई. पण झेंडीबाईला तिने जे धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या पोरीचं वाटोळं केलं मेलीनं, असं ती भांडी घासताना भांड्यांना सांगायची. मग हळूहळू त्या रागाचा शब्द झाला. दूध उतू गेलं की आई म्हणायची, आली झेंडी. ऐन वेळी बाबांची स्कूटर रुसली, भावाचा गणिताचा पेपर बिघडला, पाहुणे यायच्या दिवशी नळ कोरडा पडला, आली झेंडी. पाहुण्यांना काही कळायचं नाही आणि आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो. लग्नानंतर नवऱ्याने तो शब्द असा उचलला की जणू त्याच्याच घरचा. आई शेवटी इस्पितळात होती तेव्हा डॉक्टर रिपोर्ट बघून जरा जास्तच मऊ पावलांनी बाहेर गेले. आईने माझ्याकडे बघितलं आणि सुई टोचलेल्या हाताचं एक बोट चादरीवरून थोडंसं वर केलं. मला हसू आलं, आणि हसता हसता मी अशी रडले की नर्स धावत आली. आईच्या मागे एक शाल राहिली, एक चष्मा राहिला, आणि हा राग राहिला. राग कसला, घरातली रोजच्या वापरातली वस्तू. तो मी कधी उचलून, खाली काय आहे ते बघितलंच नव्हतं.

दुकानात शिरले तर नवरा म्हणाला, काय गं, चेहरा असा का, भूत बघितलंस की उधारीवालं गिऱ्हाईक. मी म्हटलं, गादीवाला बघितला. तो हसला आणि परत खोक्यांत शिरला. आमच्या दुकानात दिवसभर कातड्याचा, रबराचा आणि कोऱ्या पुठ्ठ्याचा वास असतो. मी छोट्या स्टुलावर बसते आणि गिऱ्हाईकाचा पाय मांडीवर घेऊन मापाच्या पट्टीवर ठेवते. नवऱ्याचं लाडकं वाक्य आहे की आमची ही आठवडाभर पाय बघते आणि सुट्टी मिळाली की पाय बघायला जाते. ते खरंच आहे. कारण स्पर्धा असली की मीही त्याच कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसते. कितीतरी वर्षं बसते आहे. लोकांना वाटतं, हिची खेळावर माया. माया कुठली. मी हट्टाने गेले. बघून दाखवते म्हटलं, रेष कशी बघायची असते ते, डोळ्यांत तेल घालून, कुणाचं वाटोळं न करता.

त्यासाठी एक छोटा वर्ग करावा लागतो. मी गेले तर शिकवायला समोर झेंडीबाई उभी. केस पिकलेले, अंगाने वाळलेली, चष्मा दोरीने गळ्यात. मी शेवटच्या रांगेत बसले आणि तिने ओळखलंच तर काय बोलायचं ते मनात घोटत राहिले. तिने ओळखलं नाही. तिने रेषेबद्दल सांगितलं, झेंडी किती उंच धरायची ते सांगितलं, मुलीशी एक अक्षर बोलायचं नाही हे दोनदा सांगितलं. आणि निघता निघता, पिशवीत चष्म्याचं घर कोंबत, म्हणाली, "मुलगी कोपऱ्यात येऊन उभी राहते ना, तेव्हा श्वास रोखून बसू नका. तिला ऐकू येतो." पुढच्या रांगेतल्या दोघीतिघी हसल्या. मला वाटलं, म्हातारी चळली. आणि मी असली खवट की ती म्हणाली म्हणून मुद्दाम उलट करायला लागले. मुलगी माझ्या कोपऱ्यात आली, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, की मी श्वास रोखायचा. इतकी वर्षं. पुढे ती सवयच झाली. डोळे रेषेवर, झेंडी मांडीवर, श्वास बंद.

दुकानात एका आईने आपल्या मुलाला माझ्यासमोर आणून बसवलं. शाळेचे बूट हवे होते. मी त्याचा पाय पट्टीवर ठेवला आणि आकडा वाचायचं विसरून त्या पायाकडे बघत राहिले. त्याने बोटं आत वळवली होती. मला काल सरावात बघितलेल्या एका मुलीचा पाय दिसत होता. त्या मुलीला मी पट्टी म्हणते. आम्ही रेषेवाल्या बायका मुलींना पायांवरून ओळखतो, चेहरे आमच्या वाट्याला येतच नाहीत. एक बदकी आहे, चालताना चवडे बाहेर टाकते. एक फुलपाखरू आहे, तिच्या घोट्यावर तसा डाग आहे. आणि ही पट्टी, डाव्या करंगळीला कायम पांढरी चिकटपट्टी. आपल्याच संघातली पोर, अंतिम फेरीतली सगळ्यांची आशा. काल सरावाला ती माझ्या कोपऱ्यात आली, टाचा रेषेला लावल्या, आणि उभीच राहिली. संगीत पुढे गेलं. तिच्या पोटऱ्या थरथरत होत्या. मग ती वळली आणि गालिच्यावरून चालत सरळ खाली उतरली, पाहुण्यांकडून वेळेआधी उठून निघावं तशी. मागच्या महिन्यात ती हवेत हरवली होती, असं तिचा कोच कुणाला तरी सांगत होता. उडी मारली, गिरकी सुरू झाली, आणि मध्येच तिला जमीन कुठे आहे तेच कळेना. मानेवर पडता पडता वाचली. तेव्हापासून त्या एका कोलांटीआधी ती कोपऱ्यात अडकते. कोच शेवटी वैतागून म्हणाला, उद्या अशी उतरलीस तर घरी जा आणि परत येऊ नकोस. काल मला वाईट वाटलं होतं, पण तेवढंच. आज त्या मुलाचा पाय मांडीवर घेऊन बसले असताना माझ्या लक्षात आलं की काल ती माझ्यासमोर थिजली तेव्हा तिच्या पाठीमागे मी श्वास रोखून बसले होते.

मुलाची आई म्हणाली, किती नंबर. मी काहीतरी सांगितलं, बूट मोठे निघाले, नवऱ्याने येऊन सावरून घेतलं. ती गेल्यावर मी त्याला विचारलं, तुला माझा श्वास ऐकू येतो का. तो म्हणाला, झोपेत घोरतेस तेवढा येतो, बाकीचं माहीत नाही. मग माझ्याकडे बघून त्याने हातातली चप्पल खाली ठेवली. बरी आहेस ना, म्हणाला. मी बरी आहे म्हटलं. तो म्हणाला, आज नको जाऊस मग स्पर्धेला, पाय काय, इथेही आहेत. मला त्याची एकदम माया आली, आणि मी पंचांचा ब्लेझर घालायला मागच्या खोलीत गेले. तिथे खोक्यांच्या भिंती आहेत छतापर्यंत, आणि मध्ये एक आरसा, गिऱ्हाइकांसाठीचा, गुडघ्यापर्यंतच दाखवणारा. त्यात माझे पाय उभे होते. जाडे झालेले, एका गुडघ्यावर जुना व्रण. मी टाचा जुळवल्या. आणि मग ते सगळं आलं, झेंडीच्या आधीचं.

आमच्या घरात ती गोष्ट नेहमी झेंडीपासून सुरू व्हायची. पाय टेकले, हात वर केले, मेलीने झेंडी दाखवली. त्याच्या आधी मी कुठून उडाले हे कुणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, आणि न सांगता सांगता ते पुसलं गेलं. मी त्याच बाईच्या कोपऱ्यातून निघाले होते. शेवटच्या उडीच्या आधीची उडी. मी कोपऱ्यात आले, टाचा रेषेला लावल्या, समोर बघितलं, आणि समोरचा कोपरा लांब जायला लागला. आगगाडी सुटल्यावर फलाट जातो तसा, हळू, आवाज न करता. पायांना काही आठवेना. संगीत कुणा दुसऱ्याच मुलीसाठी वाजत होतं. इतके लोक आणि इतकी शांतता, मला वाटलं मी आता इथेच उभी राहणार, दिवे विझतील, गालिचा गुंडाळतील, मला घेऊनच गुंडाळतील. आणि तेव्हा माझ्या मागे, मानेपाशी, कुणीतरी श्वास घेतला. सावकाश, भरपूर, विहिरीतून बादली वर यावी तसा. माझ्या छातीत जागाच नव्हती तिथे जागा झाली. मग मी पळत होते, गालिचा खालून गुणगुणत होता, आणि हवेत उलटी असताना मला छताचे सगळे दिवे एका रांगेत दिसले आणि जमीन कुठे आहे ते अगदी नीट ठाऊक होतं. इतकं सुख मला नंतर कधी झालं नाही. लग्नात नाही, कशातच नाही. तो श्वास त्या खुर्चीतून आला होता. दुसरं कुणी मागे नव्हतंच. मी मागच्या खोलीत खोक्यांना टेकून खाली बसले आणि ब्लेझरच्या बाहीत तोंड खुपसून आईला म्हणाले, आई गं, आपण कुणाला शिव्या देत होतो.

कदाचित तीही बिचारी ओझंच सावरत असेल. दिवसभर पाठीला बाक न देता बसायचं, कंबर धरते, सुस्कारा निघतो. पण मग तिने वर्गात ते वाक्य का सांगितलं असतं. आणि श्वास तिचा असेल तर त्याच बाईने लगेच पुढच्या उडीला झेंडी वर केली हेही खरं. एका हाताने दिलं नि दुसऱ्या हाताने घेतलं, अशी कसली ही बाई. का दोन्ही तिला एकच वाटत होतं. मला विचारायचं होतं. पण ती जाऊन कितीतरी दिवस झाले. आमच्या मंडळाच्या कार्यालयात तिचा फोटो लावला होता तेव्हा मी मान वळवून चहा घेत होते.

स्पर्धेच्या इमारतीत दुपारी शिरताना नेहमी मला अंधुक पाण्यात उतरल्यासारखं होतं. बाहेरचं ऊन डोळ्यांत असतं, आत दिवे फक्त गालिच्यावर, आणि बाकी सगळीकडे माणसांची कुजबुज साचलेली. मी माझ्या खुर्चीवर बसले. समोरच्या कोपऱ्यात माझी जोडीदारीण, ती एरवी नर्स आहे, रात्रपाळी करून आलेली, तिने तिकडून जांभई दाबत हात हलवला. झेंडी मांडीवर घेतली. तिचं कापड धुऊन धुऊन फिकं झालंय, काठीला माझ्या हाताचा घाम लागलेला. एकेक मुलगी आली. मी चेहरे बघत नाही, बघायचे नसतात. माझ्यापुढून पाय गेले. खडूच्या पांढऱ्या पुडीने माखलेले, सुजलेले, नखं काळी पडलेले. बदकी आली, ती कोपऱ्यात उभी राहिल्यावर काहीतरी पुटपुटते, आकडे असावेत. फुलपाखरू आली, तिच्या अंगाला निलगिरीचा वास येतो. या माझ्यापासून हाताच्या अंतरावर उभ्या राहतात. स्पीकरची तोंडं लोकांकडे असतात, त्यामुळे कोपऱ्यात संगीत उरलंसुरलं पोचतं, आणि त्याच्या खाली त्यांचा श्वास स्पष्ट ऐकू येतो. म्हणजे माझाही जात असणार. इतकी साधी गोष्ट. मी प्रत्येकीच्या पाठीमागे श्वास घ्यायचा प्रयत्न करत होते आणि तो येत नव्हता. सवय अशी की मुलीची पाठ दिसली, छाती बंद. डॉक्टरांनी जोरात श्वास घ्या म्हटल्यावर जसा विसरतो तसा मी श्वास विसरत होते. कपाळावर घाम आला. माझी मलाच चीड आली, एवढं वय झालं, आणि साधा श्वास घेता येईना.

मग पट्टी आली. लोक उठून उभे राहिले असावेत, बाकांचा खडखडाट झाला. ती गालिच्याच्या मध्यावर बसली, एक पाय दुमडून, हात डोळ्यांवर. मी चेहरा बघायचा नाही म्हटलं तरी बघितला. लहान आहे पोर. ओठ चावून चावून फुटलेले. संगीत सुरू झालं, सतारीसारखं काहीतरी, आणि खाली फार हळू ढोल. ती नाचताना छान असते, जमीन तिला ओळखते असं वाटतं. पहिली कोलांटी समोरच्या कोपऱ्यातून होती, ती नीट झाली. मग गिरक्या घेत घेत, हात मागे सोडून, ती माझ्याकडे यायला लागली, आणि मला कळलं की आता तीच. डाव्या करंगळीची पट्टी जवळ आली. ती वळली. टाचा रेषेला लावल्या. तिच्या पाठीवर पुडीची बोटं उमटली होती, खांदे कानांपर्यंत चढलेले. कोपऱ्यात फार वेळ उभं राहता येत नाही, त्याचेही गुण जातात. पण मला तो वेळ लांबत जाताना दिसत होता. समोरचा कोपरा आता तिच्यासाठी निघाला असणार, फलाटासारखा. कोच खाली कठड्याशी उभा होता, तोंड घट्ट मिटून, त्याला बोलायची परवानगी नाही. कुणालाच नाही. तिच्या पोटऱ्या थरथरायला लागल्या. उजवी टाच थोडी वळली, बाहेरच्या बाजूला, उतरून जाणाऱ्या माणसाची टाच वळते तशी. काल अगदी असंच झालं होतं.

मला भीती वाटली. माझ्या स्वतःच्या अंतिम फेरीतही इतकी वाटली नव्हती. ही आता उतरली तर परत कधी चढणार नाही, आणि तिला आयुष्यभर वाटत राहील की आपल्या पायांनी आपल्याला दगा दिला, आणि तिच्या पाठीमागे एक बाई तोंड मिटून बसली होती हे तिला कधी कळणारही नाही. मी श्वास ओढला, तो घशातच अडकला. मी आईला आठवलं, नवऱ्याला आठवलं, त्या गादीवाल्याला आठवलं, त्याने काही ठरवून घेतला नव्हता. त्याला फक्त ओझं होतं. मी डोळे मिटले. रेषेवरून नजर हटवणं हा आमच्यात गुन्हा आहे, मी तो केला. डोळे मिटल्यावर पायांखाली मला गालिचा लागला, त्याची गुणगुण, माझ्या टाचांमागे रेष, आणि माझ्या पाठीमागे कुणीतरी बसलेलं. आणि मग तो आला. माझ्या छातीतून आला, पण इतका लांबून की तो माझा वाटेना. खोल, भरपूर, वर येणारा. क्षणभर थांबला. मी डोळे उघडले तर तिचे खांदे खाली आले होते आणि पाठ भरत होती, दोन्ही बाजूंना, हळू. डाव्या पायाचं बोट तिने उचललं आणि टेकवलं. आणि ती गेली.

काय गेली. गालिचा माझ्या खुर्चीच्या पायांतून माझ्या हाडांत आला. ती धावली, हात टेकले, उलटली, आणि वर गेली, आणि वरच राहिली. मी पायांचीच सवय असलेली बाई, पाय कुठे गेले म्हणून मी मान वर करत गेले. दिव्यांच्या उजेडात ती वळत होती, एकदा, परत एकदा, काही घाई नसल्यासारखी, आणि मला वाटलं, हिला दिसतायत, सगळे एका रांगेत. मग समोरच्या कोपऱ्यात ती दोन पायांवर उभी राहिली, अजिबात न हलता. लोकांचा आवाज एका लाटेत अंगावर आला. कोच खाली बसला होता, तोंड हातांत धरून. माझे डोळे भरले होते आणि मी ते पुसले, कारण रेष धूसर दिसायला लागली होती, आणि अजून एक कोलांटी बाकी होती.

शेवटची. समोरून माझ्याकडे. आता ती घाबरलेली नव्हती, उलट तिच्यात काहीतरी सुटलं होतं, आनंद असा असतो की तो मोजून वापरता येत नाही. ती फार जोरात आली. मी बघत होते, फक्त रेष, आणि रेषेवर तिचे पाय आले. उजवा आत. डावा आत, चवडा आत, करंगळीची पट्टी आत. आणि टाच, पाय स्थिर करताना, क्षणभर मागे टेकली. पांढऱ्याच्या पलीकडे. बोटभर असेल. तिने हसत दोन्ही हात वर केले. तिला कळलं नव्हतं. कळत नाहीच, पायाला रेष कळत नाही, हे या खुर्चीत बसल्यावरच समजतं. टाच शपथेवर सांगते की मी आत होते. माझ्या खेरीज ते कुणी बघितलं नव्हतं. समोरची नर्स दुसऱ्या रेषा बघते. माझा हात झेंडीवर होता, आणि तो जड झाला, आणि मला वाटलं, नको. आजच्या दिवस नको. श्वास दिलाय तर हेही दे. आणि मग मला एकदम दिसली, वाळलेली, दोरीने चष्मा गळ्यात घातलेली ती बाई, तिचाही हात असाच जड झाला असेल. आणि तिने मला खोटं काही दिलं नव्हतं. मी हवेत होते ते खरं होतं, कारण टाच बाहेर गेली तेही तिने खरं सांगितलं होतं. माझी टाच गेली होती. इतक्या वर्षांनी, माझं मीच कबूल केलं, खुर्चीत बसून, गेली होती गं आई. आणि मी हात वर केला.

लोकांच्या तोंडून एकच आवाज निघाला, चुकून काच फुटल्यावर घरात निघतो तसा. पट्टीने वळून बघितलं. हसू अजून चेहऱ्यावर होतं, फक्त त्याला आता काही काम उरलं नव्हतं. गुण लागले, पदक थोडक्यात गेलं. खाली उतरताना ती माझ्या खुर्चीजवळूनच गेली, आणि थांबली. बोलायचं नसतं, तरी बोलली, हळू, दात आवळून, डोळ्यांत पाणी.

"गेली नव्हती टाच."

मला काही बोलता येत नव्हतं. नियम आहे. मी तिच्याकडे बघितलं, तिने मान झटकली. तो झटका माझ्या ओळखीचा होता. कठड्यापलीकडून एक बाई धावत आली, आईच असणार, नाक तसंच. तिने पोरीला छातीशी धरलं आणि तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. मला ते ऐकू आलं नाही, पण कळलं. आता ती पोर घरी जाईल. आज-उद्या त्यांच्याकडे दूध उतू जाईल, नाहीतर कुणाची गाडी ऐन वेळी बंद पडेल, आणि त्यांच्यापैकी कुणीतरी मला एक नाव देईल. मग ते नाव त्यांच्या घरात राहील, पाहुण्यांना कळणार नाही, आणि ते एकमेकांकडे बघून हसतील. देऊ देत. मी झेंडी परत मांडीवर आडवी ठेवली, कपाळ पुसलं, आणि पुढची मुलगी कोपऱ्यात यायची वाट बघत बसले.